कण्यावरच्या रेघा, गंजलेल्या पिना आणि ग्रेडचा वाद

किनारपट्टी (वेंगुर्ले)

मंडळी, एका अंकावरून वाद चाललाय, जाणकारांनी निवाडा करावा.

मामाच्या माळ्यावर मराठी इंद्रजाल कॉमिक्सचा गठ्ठा होता. बहुतेक सत्तरच्या दशकातले अंक, वाचून झाले की वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेले. त्यातला वेताळाचा (फँटमचा) एक अंक मी विकायला काढला आणि वर्णनात अवस्थेची ग्रेड लिहिली, "व्हेरी फाइन, ८.०". कोपरे शाबूत, पानं पूर्ण, कुठे पेनाने नाव नाही, चित्रांना मिशा काढलेल्या नाहीत. घेणाऱ्या गृहस्थांनी फोटो मोठा करून बघितला आणि उत्तर पाठवलं: कण्यावर (पाठीच्या दुमडीवर) सहा रेघा दिसतात, काहींत रंग उडालाय, खालच्या पिनेभोवती तांबूस डाग आहे, ६.० च्या वर जाता येणार नाही.

आता मला सांगा, पन्नास वर्षांच्या कॉमिक्सच्या पाठीवर चार-सहा बारीक रेघा असणारच ना? हातात धरून बघितलं तर त्या दिसतही नाहीत पटकन. एवढ्याशा गोष्टीने ग्रेड दोन आकड्यांनी घसरते? की गृहस्थ भाव पाडून मागतायत?

जुनापुराणा (रत्नागिरी)

भाव पाडत असतीलही. पण त्यांचं निरीक्षण चुकीचं आहे असं वाटत नाही.

ज्यांना ही मोजणी नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: सगळीकडे चालते ती ०.५ ते १० ची पट्टी अमेरिकेतली. ओव्हरस्ट्रीटची किंमतपुस्तिका १९७० पासून निघते, आणि २००० साली सीजीसी ही कंपनी सुरू झाली. ती अंक तपासून, आकडा देऊन, प्लास्टिकच्या कडक डबीत सील करून देते. ९.४ म्हणजे निअर मिंट, ८.० व्हेरी फाइन, ६.० फाइन, ४.० व्हेरी गुड आणि २.० गुड. हो, 'गुड' इतकं खाली आहे. त्यामुळे कुणी "गुड कंडिशन" लिहिलं की आधी विचारायचं, बोलण्यातलं गुड की पट्टीवरचं.

आता रेघांचं. कव्हरचा कागद कण्यावर दुमडलेला असतो, आत दोन पिना. आपण अंक उघडतो तेव्हा दुमडीवर, त्यातही पिनांच्या आसपास, सगळा ताण येतो. पिन हलत नाही, कागद हलतो. म्हणून कण्याला काटकोनात बारीक आडव्या रेघा उमटतात, त्यांनाच स्पाइन टिक म्हणतात. बघायचं एवढंच की रेघेत रंग तुटलाय की नाही. नुसतीच दाबली गेलेली रेघ असेल, वरची शाई अखंड असेल, तर ती किरकोळ. शाईचा थर फुटून खालचा पांढरा कागद दिसायला लागला की ती वेगळ्या खात्यात गेली. पहिल्या प्रकारच्या एक-दोन अगदी बारीक रेघा ९.८ च्या अंकावरही सापडतात. दुसऱ्या प्रकारच्या तीन-चार रेघा लांबूनही नजरेत भरतात आणि अंक थेट आठाच्या घरात किंवा खाली येतो.

कव्हर गडद असेल तर आणखी पंचाईत. काळ्या किंवा गडद निळ्या रात्रीच्या दृश्यावर पांढरी रेघ डोळ्यात घुसते. तीच रेघ पिवळ्या कव्हरवर शोधावी लागते. पट्टी दोघांना एकच, पण तपासणारा माणूसच आहे.

तुम्ही एक करा. खोलीतला दिवा बंद करा, मोबाईलचा टॉर्च कण्याला जवळजवळ समांतर, आडवा धरा आणि अंक हळूहळू फिरवा. मग इथे लिहा काय दिसतं ते.

देवगडचा_बाठा

जुनापुराणा, तुमचा अभ्यास मान्य, पण मला हा सगळा प्रकारच आयात केलेला वाटतो.

तिकडे दुकानातून अंक घेतला की प्लास्टिकच्या पिशवीत, मागे पुठ्ठा, मग कपाटात. आपल्याकडे अंक स्टँडवर घेतला, एसटीत वाचला, शेजारच्याला दिला, तो त्याच्या मावसभावाला, आणि परत आला तर आला. त्याला निअर मिंटची फूटपट्टी लावून "कण्यावर रेघा" म्हणणं हा अन्याय आहे. भारतीय अंकांसाठी वेगळी पट्टी हवी. आपला ६.० म्हणजे त्यांचा ८.० धरा.

जुनापुराणा (रत्नागिरी)

बाठासाहेब, तिकडेही सुरुवातीच्या काळातले अंक पोरांनीच वाचले. दुसऱ्या महायुद्धात कागद गोळा करायच्या मोहिमा झाल्या, त्यात ढिगांनी कॉमिक्स लगद्यात गेली. पिशव्या-पुठ्ठे खूप नंतर आले. म्हणून तर तिकडच्या चाळीसच्या दशकातल्या ४.० च्या अंकालाही मोठा भाव मिळतो.

ग्रेड म्हणजे अंकाची आजची अवस्था, बस. तो किती दुर्मिळ, कुणाच्या लहानपणीचा, कुठल्या भाषेतला, हे सगळं किमतीत मोजा ना. मराठी इंद्रजालचा ५.० चा अंक मी इंग्रजीच्या ७.० पेक्षा जास्त देऊन घेईन, कारण मराठी अंक बाजारात दिसतोच कमी. पण त्याला ७.० म्हणणार नाही. वेगळी पट्टी केली की पुण्याचा घेणारा आणि सावंतवाडीचा विकणारा दोघे वेगवेगळ्या आकड्यांत बोलणार, आणि पार्सल उघडल्यावर भांडण ठरलेलं.

किनारपट्टी (वेंगुर्ले)

टॉर्चने बघितलं. साध्या उजेडात न दिसलेलं बरंच दिसलं.

रेघा सहा नाहीत, नऊ आहेत. वरच्या पिनेच्या दोन्ही बाजूंना तीन, अगदी नखाच्या टोकाएवढ्या, त्यांत शाई अखंड आहे. मधल्या भागात दोन, त्याही तशाच. खालच्या पिनेजवळ चार, आणि त्यातल्या तीन पांढऱ्या. एक तर पिनेच्या भोकातून सुरू होऊन वेताळाच्या घोड्याच्या शेपटीपर्यंत गेलीय, अर्धा सेंटिमीटर असेल. त्याच पिनेचा वरचा भाग काळपट खरखरीत झालाय आणि भोवती चहाच्या डागासारखं तांबूस वर्तुळ.

मधलं पान उघडलं तर तिथे पिनेचे दोन्ही पाय वळलेले दिसतात, त्यांचा ठसा समोरच्या पानावर उमटलाय. वरच्या पिनेचा नाही, फक्त खालच्या.

कणा वरून-खालून सरळ आहे. किंचित तिरका वाटतो का ते कळत नाही.

कोळंबो (मालवण)

आमच्याकडे खिडकीचे गज गंजतत, सायकल गंजता, देवळातली घांट सोडून सगळा गंजता. मगे ह्या पिनेचा काय घेऊन बसलास? माझ्याकडे अमर चित्रकथा असत ढीगभर. एकाची पिन धड नाय. एक उघडूक गेलंय तर पिनेकडचो कागद फाटान कव्हर हातात इला. तेची ग्रेड काय ती इचारू नुको.

जुनापुराणा (रत्नागिरी)

कोळंबो, विचारली नाही तरी सांगतो :) कव्हर एका पिनेपासून सुटलं की 'फाइन'ची आशा सोडायची. दोन्हींपासून सुटलं की आणखी खाली.

पण तुमच्या मुद्द्यावरच यायचं होतं. किनारपट्टी, तुमच्या अंकाचं खरं दुखणं त्या रेघा नाहीत, खालची पिन आहे.

या पिना साध्या पोलादी तारेच्या. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा ओलीचिंब, त्यात समुद्राकडून येणारं मीठ. मिठातलं क्लोराइड लोखंडावर बसलं की गंज नुसता धरत नाही, तो थांबत नाही. गंजाची जागा मूळ लोखंडापेक्षा जास्त लागते, म्हणून पिन फुगते आणि भोकाभोवतीचा कागद ताणते. वर लोखंडाचे कण कागदात उतरतात आणि तंतू ठिसूळ करतात. मग तिथे नेहमीचाच ताण आला तरी नेहमीपेक्षा मोठी रेघ पडते. तुमची पांढरी रेघ पिनेच्या भोकातूनच निघालीय ते म्हणून. वरच्या पिनेजवळच्या रेघा तशाच राहिल्या, कारण तिथे कागद अजून सशक्त आहे.

म्हणजे तपासणारा हे दोन दोष वेगळे लिहील, "कण्यावर रंग तुटलेल्या रेघा" आणि "पिनेचा गंज कागदात उतरलेला", पण मूळ एकच. नुसता पिनेचा रंग काळपट झाला असता तर व्हेरी फाइनमध्ये खपलं असतं. डाग कागदात उतरला की नाही खपत.

तिरकेपणा बघायचा तर अंक टेबलावर सपाट ठेवा आणि खालच्या बाजूने, पानांच्या कडांकडे बघा. मागचं कव्हर कण्याकडे पुढे डोकावतंय का? डावीकडचा भाग मागे दुमडून एका हातात धरून वाचायची सवय असलेल्यांच्या अंकांत हे हमखास. त्याला स्पाइन रोल म्हणतात, आणि रेघांपेक्षा तो लांबून जास्त दिसतो.

माझा अंदाज: रोल नसेल तर ६.५. तुमचे गृहस्थ ग्रेड देताना अर्ध्याने कंजूष आहेत, चोर नाहीत.

नवखा_गुहागर

एक भाबडा प्रश्न. त्या रेघांवर सुती कापड ठेवून हलकी इस्त्री फिरवली तर? यूट्यूबवर प्रेसिंग म्हणून बरंच काही दिसतं.

जुनापुराणा (रत्नागिरी)

इस्त्री शर्टावर फिरवा.

प्रेसिंग हा खरा प्रकार आहे, तिकडे ते व्यवसाय म्हणून करतात: मोजून दिलेला ओलावा, मोजून दिलेली उष्णता, मग दाब आणि बराच वेळ. सीजीसी त्याला दुरुस्ती धरत नाही. पण त्याने फक्त न तुटलेल्या रेघा बसतात, रोल कमी होतो. फुटलेली शाई परत येत नाही. आणि गंजलेली पिन आत असताना ओलावा-उष्णता-दाब म्हणजे गंजाला आमंत्रण, वर पिनेचा उंचवटा सगळ्या पानांवर छापला जाणार. घरच्या इस्त्रीने कव्हरची चकाकी जाते ती वेगळीच.

याहून वाईट उद्योग म्हणजे पांढऱ्या रेघेवर स्केचपेन. काळ्या कव्हरवर मार्करचा ठिपका दिला की फोटोत रेघ गायब. पण कव्हर उघडून आतल्या बाजूने बघा, शाई झिरपलेली दिसते, अतिनील दिव्याखाली तर लगेच. सीजीसीत असा अंक गेला की नेहमीच्या निळ्याऐवजी जांभळं लेबल, म्हणजे दुरुस्त केलेला. रेघेने ग्रेड अर्ध्याने घसरली असती, मार्करने अंकाची जातच बदलते.

रातांबा (दापोली)

माझे बाबा बुकबाइंडर होते, त्यामुळे या धाग्यात एका गोष्टीची वाट बघत होते, कुणी काढलीच नाही: बाइंड केलेले अंक.

आपल्याकडे जुनी कॉमिक्स सापडतात ती निम्मी अशीच. वाचनालयवाले किंवा हौशी पालक दहा-बारा अंक एकत्र आणून द्यायचे. बाबा आधी पिना काढत, कारण पिना कटिंगच्या पात्याला लागतात. मग कण्यापासून थोडं आत टोच्याने भोकं पाडून दोऱ्याने शिवत, पाठीला खळ लावून कापडी पट्टी, आणि शेवटी तिन्ही बाजू कटिंग मशीनवर साफ. खळ मैद्याची, त्यात मोरचूद, किडीसाठी. त्या खळीची पाठ अजून दगडासारखी आहे.

गिऱ्हाइकाला हेच हवं असायचं, सरळ कडा आणि न फाटणारं पुस्तक. बाबांनी चांगलं काम केलं. पण आता लोक ते बांधलेले खंड उसवून अंक सुटे करून विकतात, तेव्हा फोटोत तीन गोष्टी बघा. कण्याजवळ ओळीने टोच्याची भोकं. पिनेच्या जागी रिकामी भोकं, किंवा नव्या चकचकीत पिना. आणि वर-खाली चित्राची चौकट कडेला फार जवळ आलेली, म्हणजे कडा छाटलेल्या. अशा अंकाच्या कण्यावर बहुधा एकही टिक नसते! कारण बांधल्यावर तो कणा कधी वाकलाच नाही. मी "कणा एकदम क्लीन" असं लिहिलेले अंक बघितलेत, सगळे उसवलेले.

देवगडचा_बाठा

रातांबा ताई, हे जबरदस्त. माझ्याकडे दोन बांधलेले खंड आहेत. उसवू का?

रातांबा (दापोली)

मुळीच नको. खळ ओलावून काढताना कव्हरचा वरचा थर सोलून येतो, आणि कोरडी खेचली तर कणाच येतो. खंड म्हणून ठेवा, खंड म्हणून विका. घेणारे आहेत.

जुनापुराणा (रत्नागिरी)

दुजोरा. छाटलेल्या कडा हा सीजीसीकडे नुसता दोष नाही, फेरफार समजला जातो. आणि पिना बदलल्या असतील तर स्वच्छ लिहावं. जुनी गंजकी पिन ही अस्सल पिन आहे, हे घेणाऱ्याला ठाऊक असतं.

सेलोटेपबद्दलही सांगून टाकतो, पुढचा प्रश्न तोच येणार. कण्यावर आतून-बाहेरून टेप लावलेले अंक घरोघरी. टेप हा दोष म्हणूनच मोजतात, "टेपने चीर झाकली" म्हणून ग्रेड वाढत नाही. दहा-वीस वर्षांत गोंद पिवळा होऊन कागदात उतरतो आणि प्लास्टिक गळून पडतं. निघालेली टेप निघू द्या, चिकटलेली ओढू नका.

वाशिष्ठी_काठ (चिपळूण)

तुम्ही लोक अर्ध्या सेंटिमीटरच्या रेघेवर चर्चा करताय, आम्ही जुलै २०२१ च्या पुरात पुस्तकांच्या विटा फेकल्या. चिखलात भिजलेला चकचकीत कागद वाळला की पानं एकमेकांना अशी चिकटतात की सुरीने सुटत नाहीत. ज्यांचे अंक तेव्हा दुसऱ्या मजल्यावर होते त्यांनी नशीब समजा आणि ट्रंक खालच्या मजल्यावर ठेवू नका, एवढंच सांगायला आलो.

किनारपट्टी (वेंगुर्ले)

वाशिष्ठी_काठ, वाचून वाईट वाटलं.

रोल बघितला, नाही. म्हणजे ६.५. बरं, उरलेला गठ्ठा आता नीट ठेवायचा आहे. बाजारातून कागदपत्रांच्या जाड पारदर्शक पिशव्या आणल्या, झिप असलेल्या. डांबरगोळ्याही आणल्यात. भरायला सुरुवात करू?

जुनापुराणा (रत्नागिरी)

थांबा!

त्या पिशव्या मऊ, किंचित चिकट आणि नव्या रेनकोटसारखा वास येणाऱ्या असतील तर पीव्हीसीच्या आहेत. त्यातून निघणारी वाफ आम्ल असते, आणि मऊपणासाठी घातलेलं द्रव्य शाई उचलतं. पॉलिप्रॉपिलिन घ्या, ते कुरकुर वाजतं आणि वास येत नाही. खर्च करायचा तर मायलार, म्हणजे पॉलिएस्टर. मागे आम्लरहित पुठ्ठा. साध्या बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा नको, तो स्वतःच पिवळा पडतो आणि अंकालाही पाडतो.

आणि आत्ता भर पावसात सील करू नका. कागद हवेतला ओलावा पितो. आषाढात झिप लावली तर आषाढ आत कोंडला. आपल्याकडे त्यातल्या त्यात कोरडी हवा डिसेंबर ते फेब्रुवारी, तेव्हा पिशव्या भरायच्या. तोवर कपाटात वरच्या फळीवर, भिंतीपासून सुटे, जवळ सिलिका जेलच्या पुड्या. रंग बदलणारं जेल घ्या, म्हणजे कधी तापवून कोरडं करायचं ते कळतं. बुरशी साधारण ६५ टक्क्यांच्या वर आर्द्रता टिकली की जोर धरते, त्यामुळे पन्नासच्या आसपास ठेवायचा प्रयत्न करायचा. छोटा आर्द्रतामापक मिळतो, घ्याच.

डांबरगोळ्या कागदाजवळ नकोत. बुरा आला म्हणून उन्हात घालायलाही नको. मे महिन्यात पापड-कुरडयांच्या शेजारी मी अंक वाळत घातलेले बघितलेत, लाल रंग महिन्यात गुलाबी.

रातांबा (दापोली)

आडवे ठासून गठ्ठा नको, त्यानेच कणा एका बाजूला सरकतो. उभे ठेवायचे, पण सैल नाही, नाहीतर वाकतात. आडवेच ठेवावे लागले तर थोडे-थोडे, आणि कणे आलटून पालटून डावी-उजवीकडे, कारण पिनांच्या बाजूने गठ्ठा उंच होतो.

कसर लागली असेल तर आधी प्रत्येक अंक बाहेर झटकून, मऊ ब्रशने कण्याच्या आतली घडी साफ करा. खळ, डिंक असेल तिथे ती आधी येते.

नवखा_गुहागर

त्या गंजक्या पिनेचं काय करायचं पण? काढायची की ठेवायची? दोन्ही बाजूंनी वाचलं, कळलं नाही.

जुनापुराणा (रत्नागिरी)

विकायचा असेल तर हात लावू नका. स्वतःकडे ठेवायचा असेल आणि पिनेवरून लाल भुकटी पडत असेल, म्हणजे गंज चालू आहे, तर ती कागदसंवर्धन शिकलेल्या माणसाकडून काढून घ्यावी. घरी काढायला गेलात तर कोळंबोसारखं कव्हर हातात येईल. पिन आहे तशी ठेवून हवा कोरडी केली तरी गंज बराच मंदावतो.

देवगडचा_बाठा

वेगळ्या पट्टीची मागणी मी अजून सोडलेली नाही, नोंद असावी. पण वर्णनात सगळं लिहावं हे मान्य.

किनारपट्टी (वेंगुर्ले)

नवीन वर्णन असं लिहिलंय, बघा जमलंय का:

"मराठी इंद्रजाल, वेताळ. अंदाजे ६.५. कण्यावर नऊ आडव्या रेघा, पैकी तीन रंग तुटलेल्या, सर्वांत मोठी अर्धा सेंमी, खालच्या पिनेपासून. खालची पिन गंजलेली, डाग कव्हरवर आणि मधल्या पानावर. वरची पिन चांगली. दोन्ही पिना मूळच्या. कणा सरळ, चीर नाही, टेप नाही, बाइंडिंग नाही. पानं पिवळसर, ठिसूळ नाहीत. कडा छाटलेल्या नाहीत."

गृहस्थांना पाठवलं. ते म्हणाले ६.५ चालेल, पण पार्सल पुठ्ठ्यात घालून पाठवा. मागच्या वेळी कुणीतरी नुसत्या पाकिटात पाठवलं आणि कुरिअरवाल्याने घडी घालून फटीतून आत सारलं.

जुनापुराणा (रत्नागिरी)

झकास. दोन पुठ्ठे लावा, त्यांतले पन्हळ एकमेकांना आडवे येतील असे, म्हणजे कुठल्याच बाजूने वाकणार नाही. अंक आधी पिशवीत, पिशवी पुठ्ठ्याला टेपने चिकटवा, टेपचं टोक दुमडून ठेवा म्हणजे काढताना कव्हरला लागत नाही. वरून पुन्हा एक प्लास्टिक, पाऊस आहे.

आणि मधल्या पानावरच्या डागाचा फोटो वर्णनात दिसला नाही, तोही टाका.

किनारपट्टी (वेंगुर्ले)

टाकतो रात्री. लाईट गेलेत आत्ता.